इंजिनाची झीज : तेलाचा दाटपणा व तेलातील रसायने

पुष्कळ वर्षे चाललेल्या इंजिनाचे हेड उतरवून सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, वरच्या टोकाजवळ, नख फिरविले तर ते एके ठिकाणी अडते. तेथे एक बारीक पायरी पडलेली असते. पायरीच्या वरचा भाग, जेथवर पिस्टनची सर्वांत वरची रिंग कधी पोचतच नाही तो, जवळजवळ नव्यासारखा असतो. पायरीच्या लगेच खाली भिंत सर्वांत अधिक झिजलेली असते आणि तेथून खाली उतरावे तसतशी झीज झपाट्याने कमी होत जाते. सिलिंडरच्या मधल्या भागात, म्हणजे जेथे पिस्टनचा वेग सर्वांत जास्त असतो तेथे, ती अगदी थोडी आढळते. अनुभवी कारागीर ही पायरी चाचपूनच सिलिंडर बोअर करावयास झाला की नाही ते सांगतात.

वेग जास्त तेथे घासणे जास्त आणि घासणे जास्त तेथे झीज जास्त, असा साधा तर्क केला तर झीज मधोमध व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात ती जेथे पिस्टन क्षणभर थांबून उलट फिरतो तेथे होते. या एका गोष्टीचा उलगडा करू गेले की इंजिनाच्या वंगणाचा बहुतेक विषय ओघानेच पुढे येतो, म्हणून प्रस्तुत विवेचनाचा आरंभ तेथूनच केला आहे.

इंजिनात घालावयाचे तेल जितके दाट तितके इंजिन सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. तिच्या जोडीला अलीकडे दुसरी एक समजूत आली आहे. तेलात आणखी एखाद्या बाटलीतले द्रव्य ओतले म्हणजे झीज थांबते, अशी ती समजूत. दोहोंतही सत्याचा अंश आहे. तथापि पहिला अंश कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो हे ध्यानात न घेतल्यामुळे वाहनधारकाचे पैसे जातात आणि कधी कधी इंजिनही जाते.

द्रवाच्या अंगी असलेल्या, वाहण्यास विरोध करण्याच्या गुणाला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. व्यवहारात आपण त्यालाच दाटपणा म्हणतो. श्यानतेमुळे यंत्राचे भाग एकमेकांपासून अलग कसे राहतात हे १८८३ मध्ये इंग्लंडात बोशां टॉवर यांच्या प्रयोगांत जवळजवळ अपघातानेच उघडकीस आले. आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगमधील घर्षण मोजण्याचे काम मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांच्याकडे सोपविले होते. बेअरिंगच्या माथ्याला तेल सोडण्यासाठी एक छिद्र पाडलेले होते. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या छिद्रातून वर येऊन सांडू लागले. छिद्रात लाकडी गुडदी ठोकून पाहिली, तर ती हळूहळू बाहेर ढकलली गेली. तेव्हा तेथे दाबमापक बसविण्यात आला. त्याने बेअरिंगवरील सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब दाखविला. याचा अर्थ, आस बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. तो तेलावर तरंगत होता.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये या दाबाची गणिती मीमांसा केली आणि आजही बेअरिंगची आखणी तिच्याच आधारे होते. तिचा गाभा सोपा आहे. तेल धातूच्या पृष्ठभागाला चिकटून असते. फिरणारा दांडा त्याला आपल्याबरोबर ओढून उत्तरोत्तर अरुंद होत जाणाऱ्या फटीत नेतो. मागून येणारे तेल पुढच्याला रेटते, पुढच्याला निसटावयास वाट अपुरी असते, आणि दोहोंच्या कचाट्यात दाब चढतो. हा दाब दांड्याला उचलून धरतो. तेल पाण्यासारखे पातळ असेल तर ते बाजूंनी निसटून जाईल. दांडा फिरतच नसेल तर तेल ओढले जाणार नाही. भार फार असेल तर फट बुजेल. तेव्हा तेलाचा थर किती जाड राहील हे श्यानता, वेग व भार या तिघांवर अवलंबून असते. जर्मनीत रिखार्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून घर्षण व ही तीन परिमाणे यांचा जो वक्र मिळाला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वक्राच्या एका टोकाला दोन्ही पृष्ठभाग तेलाने पूर्णपणे अलग झालेले असतात. तेथे झीज जवळजवळ नसते आणि जे घर्षण असते ते तेलाचे अंतर्गत घर्षण असते. दुसऱ्या टोकाला धातूचे उंचवटे एकमेकांना भिडलेले असतात. याला सीमावंगण म्हणतात. मध्ये या दोहोंचा संमिश्र प्रदेश असतो.

आता सिलिंडरमधील पायरीकडे पुन्हा वळू. वरच्या टोकाला रिंगचा वेग शून्य होतो. तेव्हा श्यानतेला शून्याने गुणल्यासारखे होते; तेल कितीही दाट असले तरी त्याला ओढून फटीत नेणारे कोणी उरत नाही. आधीचा थर पिळून निघावयास काही क्षणांश लागतात एवढ्यावरच काय तो तग धरला जातो. शिवाय जळणाऱ्या वायूचा दाब नेमका याच सुमारास सर्वांत जास्त असतो आणि तो रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. आणि येथेच भिंतीचे तापमानही सर्वांत अधिक असल्यामुळे तेल सर्वांत पातळ झालेले असते. वेग, भार व श्यानता या तिन्ही गोष्टी एकाच जागी व एकाच क्षणी प्रतिकूल होतात, म्हणून पायरी तेथे पडते.

इंजिनातील सर्वच भागांची स्थिती अशी नसते. क्रँकशाफ्टची बेअरिंगे चालत्या इंजिनात बहुतेक काळ तेलावर तरंगत असतात. जेथे थर सर्वांत पातळ तेथेही तो एखाद-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा एखादा-दुसरा हजारावा हिस्सा, असतो. कॅम व टॅपेट यांच्या भेटीच्या रेषेवर मात्र तो मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाइतकाच राहतो, आणि पृष्ठभागावरचे उंचवटेही त्याच मापाचे असतात. येथे दाब हजारो वातावरणांचा असल्याने क्षणभर तेल जवळजवळ घट्ट होते व धातू किंचित दबतो; तसे झाले नसते तर इतकाही थर टिकला नसता. यावरून धुळीचा धोका किती हेही कळावे. रस्त्यावरील धुळीतला वाळूचा कण पोलादाहून कठीण, आणि आकाराने थरापेक्षा मोठा. हवेची जाळी फाटलेली असताना महागडे तेल घालणारा वाहनधारक कोणत्याही पुस्तकात सांगितलेल्या तेलाने आपले इंजिन वाचवू शकत नाही.

एकूण पाहता दाटपणाचा उपयोग बेअरिंगांना सर्वांत जास्त, रिंगांना मधल्या पट्ट्यात पुष्कळ व टोकांना थोडा, आणि कॅमला मर्यादित. आणि हा उपयोग फुकट मिळत नाही. दाट तेलाच्या थरात अंतर्गत घर्षण अधिक, म्हणजे उष्णता अधिक. ती उष्णता थरालाच तापवून पातळ करते, त्यामुळे दाटपणाचा काही भाग तो स्वतःच खाऊन टाकतो. थंड इंजिनात दाट तेल पंपाने लवकर ओढले जात नाही. ओढले गेले तरी दाब मर्यादेबाहेर जाऊन दाब-नियंत्रक झडप उघडते आणि तेल बेअरिंगांकडे जाण्याऐवजी परत तळाशी येते. अशा वेळी गाडीतील दाबमापकाचा काटा वर चढलेला पाहून चालकास समाधान वाटते! वस्तुतः तो काटा तेलाला होणारा अडथळा दाखवीत असतो. किती तेल कोठे पोचले हे तो सांगत नाही.

तापमानाचा परिणाम किती मोठा असतो याची कल्पना पुष्कळांना नसते. जुन्या पद्धतीचे, एकाच अंकाने ओळखले जाणारे ४० क्रमांकाचे तेल २० अंश सेल्सियसला जितके दाट असते, त्याच्या तिसाव्या हिश्शाहूनही १०० अंशांना ते कमी दाट राहते. हा उतार मोजण्यासाठी डीन व डेव्हिस यांनी १९२९ मध्ये श्यानता-निर्देशांक सुचविला. पेनसिल्व्हेनियाच्या तेलांपासून मिळणाऱ्या वंगणाला १०० व मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलांपासून मिळणाऱ्याला शून्य, अशी त्यांनी मोजपट्टी आखली. आजची पुष्कळशी तेले या मोजपट्टीच्या वरच्या टोकाच्याही पुढे गेली आहेत.

डब्यावर '१५ डब्ल्यू-४०' असे जे लिहिलेले असते, त्यातील डब्ल्यू हे हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. अमेरिकेतील मोटर-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, ही वर्गवारी १९११ मध्ये सुरू केली व पुढे ती वेळोवेळी सुधारली. डब्ल्यूच्या आधीचा अंक थंडीतील वर्तन सांगतो : २० डब्ल्यूची कसोटी उणे १५ अंशांना, १५ डब्ल्यूची उणे २० अंशांना आणि ५ डब्ल्यूची उणे ३० अंशांना घेतात. नंतरचा अंक १०० अंशांच्या श्यानतेचा. ४० साठी ती १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या दरम्यान, ३० साठी ९.३ ते १२.५ च्या दरम्यान असावी लागते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी क्वचित दव गोठते एवढे सोडले तर महाराष्ट्रात उणे अंशांचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून ५ डब्ल्यूचा आपल्याला काडीइतकाही उपयोग नाही, असे कोणी म्हणेल तर ते तितकेसे बरोबर नाही. २० अंशांच्या सकाळी १५ डब्ल्यू-४० हे आपल्या गरम स्थितीच्या सुमारे वीसपट दाट असते आणि ५ डब्ल्यू-३० त्या वेळी त्याच्या साधारण निम्मे. इंजिन सुरू केल्यावर तेल वरच्या कॅमपर्यंत किती लवकर चढते, हे या फरकावर अवलंबून असते.

एकाच तेलाला दोन अंक मिळावेत यासाठी पातळ तेलात लांब साखळीच्या रेणूंची बहुवारिके मिसळतात. गरम तेलात या साखळ्या फुगून पसरतात आणि तेलाला पातळ होण्यापासून काही अंशी सावरतात. यात एक मेख आहे. बेअरिंगच्या अरुंद फटीत तेलाचे थर एकमेकांवरून अतिवेगाने सरकतात, तेव्हा या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने लांब होऊन निजतात आणि तेल तेवढ्यापुरते पातळ होते. काही साखळ्या तुटतात, तो पातळपणा कायमचा. म्हणून १०० अंशांचा आकडा, जो शांतपणे खाली वाहणाऱ्या तेलावर मोजतात, बेअरिंगच्या दृष्टीने अपुरा ठरतो. त्यासाठी १५० अंशांना व अतितीव्र सरकीत वेगळी श्यानता मोजतात. ३० क्रमांकाच्या तेलात ती किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते. १५ डब्ल्यू-४० मध्ये ३.७. बेअरिंगच्या झिजेशी संबंध जोडावयाचा असेल तर डब्यावरील दर्शनी अंकापेक्षा हा आकडा पाहावा, असे मला वाटते. परंतु तो डब्यावर छापलेला सहसा नसतो.

येथवर झीज म्हणजे घासणे असेच गृहीत धरले होते. पण सिलिंडरच्या झिजेत घासण्याइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा हात असतो. १९३० च्या दशकात इंग्लंडातील मोटर-अभियंत्यांच्या संस्थेसाठी सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या भिंतीचे तापमान बदलून झीज मोजली. भिंत साधारण ८० ते ९० अंशांहून थंड राहिली की झीज कित्येक पटींनी वाढते असे त्यांना आढळले. इंधन जळून पाण्याची वाफ तयार होते, तिच्याबरोबर नत्राची व गंधकाची ऑक्साइडेही असतात. थंड भिंतीवर ही वाफ निवळली की तिचे आम्ल होते, आणि आम्लाने खाल्लेला धातू पुढच्या फेरीला रिंग खरवडून नेते. सकाळी इंजिन सुरू करताना होणारी झीज केवळ तेल पोचावयास उशीर लागतो म्हणून होते, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते. इंजिन तापावयास लागणारी पुढची दहा मिनिटे तितकीच नाशकारक असतात. आम्लाविरुद्ध दाटपणा फारसा कामाचा नाही. तेथे रसायनच हवे.

हे रसायन म्हणजे प्रक्षालक द्रव्ये. १९३० च्या दशकात डीझेल इंजिनांतील रिंगा डिंकासारख्या मळाने खाचांत चिकटून बसू लागल्या, तेव्हा ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आली. पुढे त्यांत आम्ल मारण्याचा गुणही भरण्यात आला. आजच्या प्रक्षालकांत कॅल्शियम कार्बोनेटाचे अतिसूक्ष्म कण साबणासारख्या रेणूंच्या वेष्टनात तेलात तरंगत ठेवलेले असतात. चुनखडीचे जे द्रव्य तेच हे. पण इतके बारीक की तेल स्वच्छ पारदर्शक दिसते. आम्ल तयार झाले की हे कण त्याला मारतात व स्वतः खर्ची पडतात. तेल 'जुने झाले' याचा एक नेमका अर्थ हा साठा संपत आला असा होतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून डीझेल व पेट्रोल यांतील गंधक दर दशलक्ष भागांत १० भागांवर आले, त्यामुळे गंधकाम्लाचा ताप पूर्वीइतका राहिलेला नाही. काजळी गोळा होऊ न देता विखरून ठेवणारी द्रव्ये, ऑक्सिडीकरण थांबविणारी द्रव्ये व फेस मोडणारी द्रव्ये यांचाही तेलात समावेश असतो. त्यांचा झिजेशी संबंध अप्रत्यक्ष असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

झिजेशी प्रत्यक्ष झुंजणारे द्रव्य म्हणजे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. नाव लांबलचक असल्याने पुढे त्याला जस्त-फॉस्फेट द्रव्य असेच म्हणू. १९४० च्या दशकात ते तेलात आले ते बेअरिंगांचे गंजणे व तेलाचे ऑक्सिडीकरण थांबविण्यासाठी. कॅम व टॅपेट यांची झीजही त्याने घटते, हे पुढे ध्यानात आले. एखाद्या पदार्थाने मुख्य कामापेक्षा जोडधंद्यातच अधिक नाव कमवावे, तसा हा प्रकार झाला. जेथे धातूचे उंचवटे घासतात, तेथे उष्णता व दाब यांच्या योगाने हे द्रव्य विघटन पावते आणि फॉस्फेटांचा काचेसारखा थर पृष्ठभागावर बसतो. त्याची जाडी साधारण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाइतकी. उंचवटे भिडले की धातूऐवजी हा थर झिजतो, आणि तेलातील द्रव्यातून तो पुन्हा भरून येतो. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी अणुबल-सूक्ष्मदर्शकाच्या टोकाखाली हा थर वाढताना प्रत्यक्ष मोजला. तापमानाबरोबर आणि दाबाबरोबरही वाढीचा वेग घातांकी रीतीने चढतो, असे त्यांना दिसले. जेथे संकट अधिक तेथे संरक्षण आपोआप अधिक! द्रवगतिक थराच्या अगदी उलट हे वर्तन आहे. तो थर संकट वाढले की पातळ होतो.

दाटपणा व रसायन यांचे कामाचे वाटप येथे स्पष्ट होते. वेग असेल तेथे दाटपणा राखतो. वेग संपतो तेथे रसायन राखते. अर्थात एकाचे काम कमी केले तर दुसऱ्यावर ओझे पडणार. गेल्या काही दशकांत तेलांच्या बाबतीत जे घडले आहे ते या दृष्टीने पाहिले असता त्यातील ताण ध्यानात येतो.

एका बाजूने इंधनाची बचत करण्यासाठी तेले पातळ होत गेली. १५ डब्ल्यू-४० च्या जागी ५ डब्ल्यू-३० घातल्याने इंधनात साधारण एक-दोन टक्के बचत होते. एका गाडीला ती जाणवणार नाही, पण देशभरातील गाड्यांचा हिशेब केला तर ती मोठी आहे. एसएईच्या वर्गवारीत २०१३ मध्ये १६ क्रमांक आणि २०१५ मध्ये १२ व ८ हे क्रमांक नव्याने घालावे लागले. अशा तेलांवर चालणारे इंजिन अधिक वेळ संमिश्र व सीमावंगणाच्या प्रदेशात राहते, म्हणजे जस्त-फॉस्फेट द्रव्याची गरज वाढते.

दुसऱ्या बाजूने नेमके तेच द्रव्य कमी करावे लागले. तेलाचा काही अंश जळून धुराबरोबर बाहेर पडतो. त्यातील फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकावर बसून त्याला निकामी करतो. अमेरिकेत १९७५ पासूनच्या मोटारींत असे उत्प्रेरक बसू लागले, भारतातील महानगरांत १९९५ पासून. पेट्रोल मोटारींच्या तेलात पूर्वी ०.१२ टक्क्यांपर्यंत फॉस्फरस चालत असे. मर्यादा ०.१० वर आली आणि २००४ च्या अमेरिकी मानकाने पातळ तेलांसाठी ती ०.०८ वर आणली. त्याचबरोबर ०.०६ ही खालची मर्यादाही घातली गेली; इंजिनाचे रक्षण व्हावयाचे तर यापेक्षा कमी चालणार नाही, अशी ती कबुली होती. यानंतर सपाट टॅपेटांची जुनी इंजिने बाळगणाऱ्यांकडून, विशेषतः नवा कॅम बसवून पहिल्यांदा इंजिन चालविताना, कॅम झिजल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. नव्या इंजिनांतून टॅपेटाच्या टोकाला बहुधा फिरता रोलर आला होता, त्यामुळे त्यांना ही टंचाई तितकीशी जाणवली नाही. जुन्या गाडीला 'सर्वांत नव्या मानकाचे' तेल घालणे म्हणजे तिला अधिक चांगले तेल घालणे असे समजू नये, ते याच कारणाने.

प्रक्षालकांवरही अशीच बंधने आली. कॅल्शियम जळून राख होते व ती डीझेल गाडीच्या धूर-गाळणीत साठते. लहान आकाराच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत तर कॅल्शियमयुक्त प्रक्षालकांमुळे मंद गतीला अकाली स्फोट होऊन पिस्टनच फुटण्याची प्रकरणे झाली. २०२० च्या अमेरिकी मानकात त्यासाठी स्वतंत्र कसोटी आली आणि पुष्कळ तेलांत कॅल्शियमची काही जागा मॅग्नेशियमने घेतली.

आता तेलात वरून ओतावयाच्या बाटलीविषयी. जस्त-फॉस्फेट द्रव्य इतके गुणकारी असेल तर आणखी थोडे का घालू नये? घालू नये याचे कारण असे की धातूच्या पृष्ठभागावर बसण्याची जागा मर्यादित असते. प्रक्षालक, काजळी विखुरणारे द्रव्य, घर्षण घटविणारे द्रव्य व जस्त-फॉस्फेट ही सारी त्या एकाच जागेसाठी झगडत असतात, आणि तेल बनविणाऱ्याने त्यांचा समतोल महिनोन्‌महिने इंजिने चालवून साधलेला असतो. एकाची भर घातली की दुसऱ्याला हुसकावले जाते. फॉस्फरस-गंधकाची मात्रा फार वाढली तर रसायन धातूला राखण्याऐवजी खाऊ लागते. काजळीच्या बाबतीत तर याहून चमत्कारिक गोष्ट दिसून आली आहे. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात २००९ मध्ये झालेल्या प्रयोगांत काजळीसदृश कार्बन मिसळलेल्या तेलात जस्त-फॉस्फेट द्रव्य घातले असता झीज कमी होण्याऐवजी वाढली. संरक्षक थर बनावा आणि पूर्ण होण्याआधीच काजळीच्या कणांनी तो खरवडून न्यावा, पुन्हा बनावा, पुन्हा खरवडला जावा. प्रत्येक फेरीत पृष्ठभागाचे थोडे लोखंड या व्यवहारात खर्ची पडते. डीझेल इंजिनात तेल काळेकुट्ट होईपर्यंत चालविणाऱ्याला अधिक रसायनाने फायदा होईलच असे नाही, हे यावरून दिसेल.

दुचाकींचा प्रश्न आणखी निराळा आहे, आणि पुण्यासारख्या शहरात तो दुर्लक्षून चालणार नाही. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि तेलात बुडालेला क्लच यांना एकच तेल पुरवितात. गिअरचे दाते बहुवारिकांच्या साखळ्या कापून काढतात, म्हणून ते तेल मोटारीतल्यापेक्षा लवकर पातळ होते. क्लचला तर घर्षण हवेच असते. मोटारीसाठी बनविलेल्या इंधन-बचतीच्या तेलात घर्षण घटविणारी द्रव्ये असली तर क्लच घसरू लागतो. म्हणूनच जपानी मानकसंस्थेने मोटरसायकलींच्या तेलांसाठी १९९८ मध्ये घर्षणाची वेगळी कसोटी ठरविली. डब्यावरील 'जासो एमए' ही अक्षरे तिचीच निशाणी होत. स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला हे बंधन नाही.

शेवटी सध्या आपल्या देशात उभा राहिलेला एक प्रश्न. पेट्रोलमध्ये २० टक्के एथॅनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्ये गाठले, आणि त्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. एथॅनॉलचे बाष्पीभवन होण्यास पेट्रोलपेक्षा बरीच अधिक उष्णता लागते. म्हणून थंड इंजिनात त्याचा काही भाग द्रवरूपातच भिंतीवरून उतरून तेलात मिसळतो आणि ज्वलनातून आलेले पाणीही त्याच्याबरोबर तेलात धरून ठेवले जाते. तेल ८०-९० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसेच राहिले तर यातील बराचसा भाग उडून जातो. इंपीरिअल कॉलेजातच कोस्टा व स्पाइक्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एथॅनॉलमुळे जस्त-फॉस्फेट थराच्या निर्मितीला अडथळा येतो असे दिसले. हे प्रयोग, अर्थात, प्रयोगशाळेतील घासणाऱ्या नमुन्यांवर झालेले आहेत; रस्त्यावरील इंजिनात त्याचा परिणाम किती, हे इंजिन कसे चालविले जाते यावर अवलंबून राहील. पुणे-कोल्हापूर रोज धावणाऱ्या मोटारीच्या बाबतीत चिंतेचे कारण दिसत नाही. घरापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत, बाजारात व परत, एवढाच प्रवास करणाऱ्या दुचाकीचे तेल मात्र दिवसभरात कधीच पुरते तापत नाही.

अशा गाड्यांच्या तेलाचे नमुने दर पाचशे किलोमीटरला, थंड व गरम अशा दोन्ही स्थितींत घेऊन त्यांतील पाणी, इंधनाचा अंश, १०० अंशांची श्यानता व लोहाचे प्रमाण मोजणे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेस कठीण नाही. पावसाळ्याचे चार महिने व उन्हाळा यांची तुलना त्यात अवश्य असावी. पाणी जास्त सापडले आणि लोह वाढले नाही, तर आजची तेले पुरेशी आहेत असे म्हणता येईल. दोन्ही बरोबर वाढले, तर तेल बदलण्याच्या किलोमीटरांबरोबर महिन्यांचीही अट लहान प्रवासाच्या गाड्यांना अधिक कडकपणे लावावी लागेल.